ग्लॉक १९: खाचांची मूठ की सपाट मूठ?

ग्लॉक १९ हे पिस्तूल घ्यायचं, इथपर्यंत ठरलेलं असतं. अडतं ते त्यापुढे. तिसऱ्या पिढीचं म्हणजे जेन ३ आणि पाचव्या पिढीचं जेन ५ शेजारी शेजारी ठेवलं, तर लांबून दोन्ही एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. नळी तेवढीच, १०२ मिलिमीटरच्या आसपास. मॅगझिनमध्ये काडतुसं १५. वजनातला फरक हाताला कळणार नाही इतका. त्यामुळे मापांचा तक्ता समोर ठेवून ही निवड होत नाही. तक्ता पाहून ठरवणारे बहुतेकदा नवं ते चांगलं म्हणून नवं घेतात, नाहीतर जुनं ते भरवशाचं म्हणून जुनं. दोन्हीत चूक नाही, पण त्यात आपल्या हाताचा विचार कुठेच झालेला नसतो.

माझ्या मते हिशेब वेगळा मांडावा. कोणत्या गोष्टी नंतर बदलता येतात आणि कोणत्या जन्मभर तशाच राहतात, हे आधी वेगळं करावं. साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, बदलता येतात, आणि कारखान्यातून येणाऱ्या प्लास्टिकच्या साइट्स बहुतेक जण पहिल्या वर्षात बदलतातच. ट्रिगर बदलता येतो, स्प्रिंग बदलते, नळीही बदलते. फ्रेम, म्हणजे मूठ आणि ट्रिगर धरून असलेला खालचा सांगाडा, मात्र बदलत नाही. अमेरिकेतल्या कायद्याच्या नजरेत तर फ्रेम म्हणजेच पिस्तूल, बाकी सगळे सुटे भाग. म्हणून फ्रेमबद्दलची कुरकुर कितीही बारीक वाटली तरी तिला बाकीच्या दहा गोष्टींपेक्षा जास्त वजन द्यावं.

पिढ्यांची ओळख थोडक्यात. १९ बाजारात आलं १९८८ मध्ये. ते मोठ्या ग्लॉक १७ चं आखूड भावंड. १९९८ च्या सुमाराची जेन ३ म्हणजे मुठीच्या पुढच्या बाजूला बोटांच्या खाचा, अंगठ्यासाठी खळगा आणि नळीखाली दिवा लावायची रेल. २०१० ची जेन ४ म्हणजे बदलता येणारे बॅकस्ट्रॅप (मुठीच्या मागे चढवायचे तुकडे), मोठं आणि बाजू बदलता येणारं मॅगझिनचं बटण आणि एकात एक बसवलेली दुहेरी रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) परत पुढे आणणारी स्प्रिंग. २०१७ ची जेन ५ म्हणजे खाचा गेल्या, स्लाइड मागे अडवून ठेवणारी कळ, म्हणजे स्लाइड स्टॉप, दोन्ही बाजूंना आली, नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे बदलले आणि आतलं बरंच काही नव्याने आखलं गेलं. जेन ५ ची बीजं त्याच्या आधीच्या वर्षीची: २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ९ मिलिमीटरची नवी पिस्तुलं निवडली, त्यातलं १९एम हे जेन ५ चं थोरलं भावंड म्हणायला हरकत नाही.

ओळखायला सोपं जातं. जेन ४ आणि ५ च्या स्लाइडवर पिढी कोरलेली असते, जेन ३ वर नसते. फ्रेममधल्या पिना मोजल्या तरी कळतं: जेन ३ आणि ४ ला तीन, जेन ५ ला दोन. अपवाद जेन ३ च्या अगदी सुरुवातीच्या फ्रेम्सचा. त्यांतही दोनच पिना असत, तिसरी पुढे आली. तेव्हा नुसत्या पिना मोजून पैसे मोजू नयेत.

घोडं पेंड खातं ते मुठीपाशी

जेन ३ च्या मुठीवर पुढच्या बाजूला दोन उंचवटे आहेत आणि त्यांच्यामुळे तीन खाचा तयार होतात. मधलं बोट, अनामिका, करंगळी, प्रत्येकीला एक. कल्पना चांगली आहे. अडचण एवढीच, की उंचवट्यांमधलं अंतर साच्यात ठरलेलं आहे आणि पाची बोटं सारखी नसतात ही म्हण इथे शब्दशः लागू होते.

काय होतं ते नीट पाहा. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट टेकवून धरलं, की त्याची जागा पक्की झाली. तिथून खाली मोजायला सुरुवात. बोट खाचेपेक्षा दोन मिलिमीटर जाड असेल, तर अनामिका दोन मिलिमीटर खाली सरकते. तीही तेवढीच जाड असेल, तर करंगळीपर्यंत चूक चार मिलिमीटरवर पोचते. म्हणजे चूक वरून खाली साचत जाते आणि तिचा सगळा भार शेवटच्या बोटावर येतो. १७ मध्ये मूठ लांब असल्याने करंगळीला खाली सरकायला जागा मिळते. १९ मध्ये मूठच आखूड, खालची खाच जवळजवळ मुठीच्या टोकाला भिडलेली. त्यामुळे जाड बोटांच्या माणसाची करंगळी एक तर उंचवट्यावर चढते किंवा अर्धी मॅगझिनच्या तळाच्या पट्टीवर लोंबते. बारीक बोटांच्या माणसाचं उलटं: खाली जागा उरते, पण उंचवटा अनामिकेच्या मधोमध खालून टोचतो.

सावकाश नेमबाजी करताना हे खपून जातं. पिस्तूल उचलायचं, बोटं खाचांत नीट बसवायची, मग नेम धरायचा. त्रास सुरू होतो तो होल्स्टरमधून पटकन काढताना. तेव्हा बोटं जिथे पडतात तिथेच पकड होते. बोट उंचवट्यावर पडलं, की तिथे कातडीचा स्पर्श कमी आणि दाब एका बिंदूवर. पहिली गोळी सुटली की हात आपोआप बोटं खाचांत सरकवायला जातो, आणि त्या सरकण्यात दुसऱ्या गोळीचा नेम बिघडतो. पहिली आणि दुसरी गोळी यांतलं अंतर नेहमी जास्त पडतं, पण तिसरी आणि चौथी जवळ पडतात, असं दिसत असेल तर संशय ट्रिगरवर घेण्याआधी मुठीवर घ्यावा. हातमोजे घातले की सगळी गणितं परत बदलतात. घरात दोघं एकच पिस्तूल वापरत असतील, तर एकाला बसणाऱ्या खाचा दुसऱ्याला हमखास नडतात.

उपाय आहेत, पण एकही धड नाही. उंचवटे कानशीने किंवा सँडपेपरने घासून काढता येतात. अनेक जण काढतात आणि नंतर तापवलेल्या टोकाने मुठीवर खडबडीत ठिपके उठवून घेतात. काम सुबक झालं तर मूठ छान होते. पण फ्रेमवर हत्यार चाललं की हमीचा प्रश्न येतो, विकताना किंमत पडते, आणि एकदा घासलेलं प्लास्टिक परत येत नाही. रबरी बाही चढवावी, तर खाचा भरतात पण मूठ जाड होते. शिवाय तेल आणि घाम लागला की बाही हळूहळू फिरते, आणि पकडीखाली फिरणारी बाही खाचांपेक्षा वाईट.

जेन ५ मध्ये पुढची बाजू सरळ आहे. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, खरं तर ही १९८८ च्या मुठीकडे मारलेली उलटी उडी आहे, फक्त पोत जास्त खरबरीत. पण सरळ बाजूवर बोटं कुठेही पडली तरी पकड तीच राहते, आणि माझ्यापुरता निकाल इथेच लागतो. बाकी सगळं मी या एका गोष्टीच्या मागे ठेवतो.

अर्थात, ज्यांची बोटं त्या खाचांत बरोबर बसतात त्यांचं मत याच्या अगदी उलट असतं, आणि तेही खोटं नाही. त्यांना खाचा म्हणजे हाताला वाट दाखवणारी खूण. घामाने हात ओला झाला तरी मूठ खाली घसरत नाही. अशा माणसाने जेन ५ घेतलं तर पहिले काही महिने त्याला मूठ निसरडी वाटेल.

जेन ४ इथेच मागे पडतं. खाचा त्याने तशाच ठेवल्या.

ट्रिगरपर्यंतचं अंतर

मुठीचीच दुसरी बाजू. जेन ३ ला मागे एकच आकार. तो मोठा वाटला तर लहान हाताची माणसं ट्रिगरपर्यंत पोचण्यासाठी पिस्तूल हातात किंचित फिरवून धरतात. मग स्लाइडचा धक्का मनगटाच्या सरळ रेषेत न येता अंगठ्याच्या बुडावर येतो. जेन ४ आणि ५ ची मोकळी फ्रेम जेन ३ पेक्षा सुमारे २ मिलिमीटर आखूड आहे. त्यावर मधला बॅकस्ट्रॅप लावला की जेन ३ इतकं अंतर होतं, मोठा लावला की आणखी २ मिलिमीटर वाढतं. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. ट्रिगरवर बोटाचं पेर पडतं की टोक, हे त्या दोन मिलिमीटरवर ठरतं.

बॅकस्ट्रॅप लावताना एक चूक फार होते. खोक्यात ट्रिगर हाउसिंगच्या (ट्रिगरमागचे भाग धरणाऱ्या ठोकळ्याच्या) दोन पिना असतात, एक आखूड, एक लांब. बॅकस्ट्रॅप नसेल तर आखूड, असेल तर लांब. आखूड पिन ठेवून वर बॅकस्ट्रॅप चढवला तर तो वरून अडकतच नाही आणि हातात हलायला लागतो. जाड पंजाच्या माणसाला स्लाइड अंगठ्याजवळच्या मांसाला ओरखडत असेल, तर मागे शेपटी असलेला बॅकस्ट्रॅप वापरून पाहावा. जेन ३ वर त्यासाठी बाहेरचा जोड घ्यावा लागतो, आणि तो आपला जोडच राहतो.

ट्रिगर आणि त्याची स्प्रिंग

कारखान्यातला दाब दोन्हींचा साधारण अडीच किलोच्या घरात, त्यामुळे आकड्यावर जाऊ नये. फरक आहे तो ओढ कशी लागते त्यात. जेन ३ मध्ये ट्रिगर मागे येताना मध्येच किंचित खरखर लागते. काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा सुरक्षा खटका वर ढकलताना ट्रिगरला जोडलेली पट्टी, म्हणजे ट्रिगर बार, त्याच्या कडेवर चढतो, ती ही खरखर. जेन ५ मध्ये त्या खटक्याला उतार दिला आहे, म्हणून बार त्यावरून सरकत जातो आणि शेवटची अडवण जास्त ठाम लागते. जेन ३ चा ट्रिगरही काही हजार वेळा ओढून ओढून गुळगुळीत होतो. नव्या जेन ५ इतका होतो का? माझ्या बोटाला तरी जवळपास होतो असं वाटतं, पण पूर्ण नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्रिगर परत पुढे नेणारी स्प्रिंग. जेन ३ मध्ये ती ताणली जाणारी, दोन्ही टोकांना आकडे असलेली स्प्रिंग आहे. ती तुटते तेव्हा बहुधा आकड्यापाशी तुटते. त्यानंतर पिस्तूल पूर्ण बंद पडत नाही, पण ट्रिगर आपणहून पुढे येत नाही आणि दर गोळीनंतर बोटाने पुढे ढकलावा लागतो. जेन ५ मध्ये दाबली जाणारी स्प्रिंग आहे. दाबली जाणारी स्प्रिंग थकते, सहसा एकदम तुटत नाही. जेन ३ घेणाऱ्याने ही स्प्रिंग दोन-चार जास्तीच्या आणून ठेवाव्यात. स्वस्त भाग आहे, बदलायला दहा मिनिटं पुरतात, फक्त आकड्यांची दिशा बघून बसवावी: दोन्ही टोकं मिळून इंग्रजी एस अक्षर दिसलं पाहिजे.

एक छोटी गोष्ट. अमेरिकेत आयात झालेल्या जुन्या १९ च्या ट्रिगरवर उभे कंगोरे असतात, १७ वर नसतात. कारण नेमबाजीचं नाही, कायद्याचं. १९६८ च्या कायद्याखाली आयात होणाऱ्या पिस्तुलाला ठरावीक गुण मिळवावे लागत, आणि आकाराने लहान असल्यामुळे १९ चे जे गुण कमी पडत ते अशा कंगोऱ्यांनी भरून काढले. शंभर-दीडशे गोळ्यांनंतर बोटाला ते जाणवतात. गुळगुळीत ट्रिगर बसवून प्रश्न मिटतो, म्हणून याला निर्णयात फारसं स्थान देऊ नये.

जेन ४ सेकंडहँड मिळत असेल तर

जेन ४ वाईट नाही, पण त्याच्या सुरुवातीच्या नगांबद्दल सावध राहावं. दुहेरी रिकॉइल स्प्रिंग पहिल्या काळात नीट जुळलेली नव्हती. हलक्या भाराची काडतुसं वापरली की स्लाइड पुरेशी मागे जात नसे आणि काडतुसांची रिकामी कवचं, म्हणजे केसिंग्ज, अडकत. कंपनीने २०११ मध्ये अमेरिकेत स्प्रिंग मोफत बदलून द्यायची सोय केली होती. म्हणून त्या काळातलं पिस्तूल घेताना स्प्रिंग बदलली आहे का, हे विचारावं. त्याच सुमाराची दुसरी तक्रार म्हणजे रिकाम्या केसिंग्ज उजवीकडे न जाता नेमबाजाच्या कपाळाकडे येणं. त्यावर केसिंग बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा आकार बदलला गेला. ट्रिगर हाउसिंगमधला इजेक्टर बाहेर दिसतो आणि त्यावर आकडा असतो: ३३६ म्हणजे जुना, ३०२७४ म्हणजे नंतरचा. केसिंग तोंडावर येत असेल तर आधी हा आकडा पाहावा. मात्र मनगट सैल धरलं तरी हेच होतं, म्हणून आणखी कुणाला तरी चार-पाच मॅगझिन मारायला सांगून मगच भाग मागवावा.

कोणत्याही पिढीचं जुनं पिस्तूल घेताना रिकॉइल स्प्रिंगची एक साधी परीक्षा आहे. मॅगझिन काढायचं, चेंबर (नळीच्या मागचं काडतूस बसायचं घर) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याचं दोनदा पाहायचं. नळी सुरक्षित दिशेला, सुमारे ४५ अंश वर. ट्रिगर मागे ओढून तसाच धरायचा, स्लाइड पूर्ण मागे घ्यायची आणि हाताने सावकाश पुढे सोडायची. ती शेवटपर्यंत बंद झाली तर स्प्रिंग ठीक. शेवटच्या काही मिलिमीटरवर अडकून राहिली तर स्प्रिंग थकली आहे. आधी आत साचलेली काजळी पुसून पुन्हा पाहावं, कारण घाणेरडी स्लाइडही अशीच अडते.

त्याहून जुनं, म्हणजे १९९२ च्या आधीचं १९ कुणी देत असेल, तर त्याला ग्लॉकने त्या वर्षी जाहीर केलेली सहा भागांची अदलाबदल झाली आहे का, हे आधी शोधावं. झाली नसेल तर ते संग्रहात ठेवण्याचं पिस्तूल, रोज वापरायचं नाही. त्या काळातली काही मॅगझिनंही नडतात. त्यांच्या आतला धातूचा पत्रा चारही बाजूंनी पूर्ण नसे, त्यामुळे भरलेलं मॅगझिन फुगतं आणि बटण दाबल्यावर आपोआप खाली पडत नाही. मागच्या बाजूला, वरच्या कडेची खाच गोलसर असेल तर ते जुनं, चौकोनी असेल तर नंतरचं.

जेन ५ च्या खोड्या

जेन ५ माझ्या पसंतीचं असलं तरी त्यात दोन गोष्टी खुपतात.

पहिली, सुरुवातीच्या जेन ५ च्या मुठीखाली पुढच्या बाजूला कापलेली अर्धचंद्राची खाच. हेतू असा, की मॅगझिन अडकलं तर तिथून बोट घालून ओढता यावं. १७ वर ती फारशी कुणाला नडत नाही. १९ वर करंगळी नेमकी तिथेच येते. जोरात मॅगझिन ठोकलं की खाचेची कड आणि मॅगझिनचा तळ यांच्यामध्ये करंगळीच्या बुडाला चिमटा बसतो, आणि खाच नसती तर करंगळीला मिळाला असता तो आधारही कमी होतो. पुढे स्लाइडच्या पुढच्या भागावर खाचा असलेली आवृत्ती आली तेव्हा ही अर्धचंद्राची खाच काढून टाकली. म्हणून जेन ५ घ्यायचं असेल तर मुठीचा तळ पुढून सरळ आहे ना, एवढं उलटं करून पाहावं. दुकानदार दोन्हीला जेन ५ च म्हणतो, आणि ते खरंही आहे.

दुसरी खोडी दोन्ही बाजूंच्या स्लाइड स्टॉपची. डावखुऱ्यांना ही सोय हवीच होती. जेन ३ मध्ये त्यांना तर्जनीने पलीकडची कळ दाबावी लागे. पण डावखुऱ्याचे दोन्ही अंगठे पिस्तुलाच्या उजव्या बाजूला पुढे टेकतात, आणि त्या बाजूला पूर्वी काहीच नव्हतं. आता तिथे कळ आहे. अंगठा तिच्यावर टेकला की शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडत नाही, पुढे येऊन बंद होते, आणि पुढच्या वेळी ट्रिगर ओढला की नुसती टकटक. उजव्या हाताच्या नेमबाजाला डावीकडे हा त्रास पूर्वीपासून आहे. दोष मॅगझिनच्या स्प्रिंगचा समजून लोक स्प्रिंगा बदलत बसतात. आधी अंगठा अर्धा सेंटिमीटर खाली किंवा बाहेर घेऊन पाहावं, आणि तरीही अडलं नाही तरच मॅगझिनकडे वळावं.

याच कळीमुळे होल्स्टरचाही प्रश्न येतो. जेन ३ साठी घट्ट बेतलेल्या कायडेक्सच्या (टणक प्लास्टिकच्या) काही होल्स्टरमध्ये जेन ५ उजवीकडे घासतं किंवा पूर्ण बसत नाही. सैलसर चामड्याच्या होल्स्टरला काही होत नाही. जुनं होल्स्टर ठेवायचं असेल तर पिस्तूल घेताना ते सोबत न्यावं.

नळी आणि रंग यांवर फार वेळ घालवायला नको. जेन ३ आणि ४ च्या नळीत गोलसर कोनांचे आटे आहेत, जेन ५ मध्ये ते जास्त धारदार केले आणि तोंडाची कड आत घेतली. टेकूवर ठेवून २५ मीटरवर नेम धरला तर फरक दिसू शकतो. दोन हातांत धरून, उभं राहून १० मीटरवर तो आपल्याच थरथरीत हरवतो. उघड्या शिशाच्या गोळ्या वापरणाऱ्याने मात्र गोलसर आट्यांच्या नळीपासून जपावं. शिसं आत चिकटत जातं आणि दाब वाढतो. स्लाइडवरचा जेन ५ चा काळा थर अंगाच्या घामाला जास्त दाद देत नाही, असा अनुभव. पण पुसायचा आळस असेल तर साइट्सचे स्क्रू कोणत्याही पिढीत गंजतात.

जेन ३ ची खरी ताकद

सुटे भाग. इथे जेन ५ ला अजून मागे राहावं लागतं. जेन ३ दोन दशकांहून जास्त काळ बाजारात आहे, आणि त्याच्या रचनेवरचे मूळ हक्क संपल्यावर इतर कंपन्यांनी त्याच मापात स्लाइड, नळ्या, फ्रेम आणि अख्खी पिस्तुलं काढली. त्यामुळे जेन ३ चा कुठलाही भाग तुटला तर पर्यायांची रांग आहे. जेन ५ मध्ये ट्रिगर बार, ट्रिगर हाउसिंग, फायरिंग पिन, सुरक्षा खटका, लॉकिंग ब्लॉक, स्लाइड स्टॉप, सगळं वेगळं. जेन ३ चा डबा भरून भाग असलेल्या माणसाला त्यातले साइट्स आणि मॅगझिनं सोडून फारसं काही उपयोगी पडणार नाही. जेन ३ ची स्लाइड जेन ५ च्या फ्रेमवर चढवायचा प्रयत्नही करू नये.

मॅगझिनं चालतात, पण एक अट आहे. जेन ४ आणि ५ मध्ये मॅगझिनचं बटण उजवीकडे फिरवून लावलं, तर फक्त एका बाजूला खाच असलेली जुनी मॅगझिनं आत अडकत नाहीत, हातात येतात. बटण मूळ बाजूला ठेवलं तर जुनी सगळी चालतात. जेन ५ च्या नारिंगी फॉलोअरचा (मॅगझिनमधली काडतुसं वर ढकलणाऱ्या तुकड्याचा) फायदा एवढाच, की मॅगझिन रिकामं झालं हे खाली बघताच कळतं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना तर कित्येक वर्षं निवडच नव्हती. तिथल्या मान्यताप्राप्त पिस्तुलांच्या यादीत जेन ३ होतं, पुढच्या पिढ्या नव्हत्या. त्यामुळे तिकडच्या माणसाने जेन ३ ची तारीफ केली तर ती ऐकावी, पण तुलना म्हणून नाही.

लाल ठिपक्याची साइट लावायची असेल तर मात्र पारडं पुन्हा झुकतं. जेन ३ ला कारखान्यातून तशी कापलेली स्लाइड नाही. ती बाहेर कापून घ्यावी लागते, आणि काम चांगलं झालं तर साइट खाली बसते, पट्टीशिवाय थेट, म्हणून ते तसं वाईटही नाही. जेन ५ च्या एमओएस, म्हणजे कारखान्यातूनच कापून आलेल्या, स्लाइडवर पट्टी लावून साइट बसते. इथे चुका दोन. स्क्रू नुसत्या हाताने आवळले तर काही शे गोळ्यांत सैल होतात. आटे स्वच्छ पुसून, थोडं थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, साइट बनवणाऱ्याने सांगितलेल्या ताकदीवर आवळावेत, जी बहुधा १.३ ते १.७ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. दुसरी चूक जास्त लबाड: उजव्या बाजूचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर त्याचं टोक खाली एक्स्ट्रॅक्टरला (केसिंग ओढून काढणाऱ्या आकड्याला) दाबणाऱ्या दांडीला टेकतं. मग केसिंग निघत नाही, आणि दोष एक्स्ट्रॅक्टरला दिला जातो. साइट बसवल्यावर केसिंग अडकायला लागली, तर स्क्रू अर्धा आटा काढून पाहावा.

मग घ्यावं कोणतं

जेन ३ आधीच घरात असेल, भाग साठवलेले असतील आणि बोटं खाचांत बसत असतील, तर बदलण्यात अर्थ नाही. त्या पैशांची काडतुसं घ्यावीत. पहिलंच घेत असाल, किंवा घरात दोन वेगळ्या मापांचे हात ते वापरणार असतील, तर अर्धचंद्र नसलेलं जेन ५ घ्यावं, असं मला तरी वाटतं. जेन ४ चांगल्या भावात मिळालं आणि इजेक्टर व स्प्रिंग नंतरची असेल तर नाही म्हणू नये, पण त्याची मूठ हातात धरून मगच. करंगळी कुठल्याच १९ वर मावत नसेल, तर हा सगळा वाद सोडून ग्लॉक ४५ पाहावं: १९ ची स्लाइड, १७ ची मूठ, खाचा नाहीत.

शेवटी, दुकानात दोन मिनिटांत करता येण्यासारखी एक परीक्षा. रिकामं असल्याची खात्री केलेलं जेन ३ टेबलावर आडवं ठेवा, नळी कुणाकडेही नको. डोळे मिटा, मूठ पकडा, बोट ट्रिगरबाहेर ठेवून पिस्तूल उचला, आणि पकड न हलवता डोळे उघडा. उंचवटे बोटांच्या मध्ये आहेत की बोटांच्या खाली? मधलं बोट गार्डला चिकटलं आहे का? करंगळी फ्रेमवर आहे की मॅगझिनवर? हे दहादा करा आणि मोजा. आठ-नऊ वेळा बोटं खाचांत पडली तर जेन ३ निर्धास्त घ्या. चार-पाच वेळाच पडली तर सरावाने जमेल असं दुकानदार म्हणेल. सरावाने जमतंही, पण तो सराव सरळ मुठीवर नेमबाजीसाठी वापरता आला असता.